काचेवरचे नाव, काचेतला पुरावा

हस्तलिखितांवर काम करणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते : पोथीच्या अखेरची पुष्पिका ही साक्ष असते, निकाल नव्हे. समोरची पोथी उतरवून घेताना लेखनिकाने तिची पुष्पिकाही शक-संवत्सरासकट उतरवलेली असू शकते. मग शक एका पोथीचा आणि कागद दोनशे वर्षांनंतरचा, असा प्रकार घडतो. म्हणून संपादक कागद पाहतो, शाई पाहतो, अक्षरांचे वळण पाहतो, पाठातल्या समान चुका पाहतो, आणि पुष्पिकेवर किती विश्वास टाकायचा ते त्यानंतर ठरवतो. पाठचिकित्सेच्या तासाला हे समजावून सांगताना मी अलीकडे एका दूरच्या प्रांतातला दाखला देतो. जुन्या रेडिओंतले आणि अ‍ॅम्प्लिफायरांतले व्हॉल्व्ह जमवणाऱ्या, ओळखणाऱ्या आणि एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या लोकांचा तो प्रांत आहे. या मंडळींचा पाठचिकित्सेशी काडीचाही संबंध नाही. तरी गेल्या काही दशकांत त्यांनी जी शिस्त उभी केली ती जवळजवळ हीच आहे. आणि या शिस्तीपुढे जी संकटे उभी आहेत तीही आपल्या ओळखीची आहेत.

ट्रान्झिस्टरच्या काळानंतर जन्मलेल्यांसाठी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवे. आतली हवा काढून घेतलेली काचेची बंद नळी. तिच्यात विजेने तापणारा तंतू, त्याच्या उष्णतेने तापणारा कॅथोड, समोर प्लेट आणि दोहोंच्या मध्ये अतिशय बारीक तारेची जाळी, म्हणजे ग्रिड. कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात. जाळीवर लहानसा विद्युतदाब कमीजास्त केला की हा सारा ओघ कमीजास्त होतो, आणि क्षीण संकेताचा मोठा संकेत होतो. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये दोन घटकांच्या व्हॉल्व्हचे पेटंट मागितले. अमेरिकेत ली द फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तिसरा घटक आत बसवला. पुढच्या अर्धशतकातला रेडिओ, बोलपट, दूरवरचे टेलिफोन, ध्वनिमुद्रण, पहिले इलेक्ट्रॉनिक संगणक हे सगळे या नळीच्या जोरावर उभे राहिले. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला. गंमत अशी, की ज्या व्हॉल्व्हविषयी आज सर्वांत अधिक लिहिले-बोलले जाते तो १२एएक्स७ आरसीए कंपनीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाजारात आणला होता. त्याला तीन महिन्यांत मारेकरी मिळाला, पण तो मेला नाही. गिटारवादकांना तापलेल्या व्हॉल्व्हचा किंचित विकृत, भरदार आवाज हवा असतो; घरी तन्मयतेने रेकॉर्ड ऐकणाऱ्या एका वर्गालाही हवा असतो. त्यामुळे १२एएक्स७ आजही नव्याने बनतो, आणि १९५० ते १९७० च्या दरम्यान बनलेले न वापरलेले नग दुर्मीळ ग्रंथांच्या प्रथमावृत्तींसारखे विकले जातात.

आता नावांकडे वळू. १२एएक्स७ हे अमेरिकी नाव. युरोपात त्याच वस्तूला ईसीसी८३ म्हणतात. ब्रिटिश लष्कराच्या यादीत ती सीव्ही४९२ होती आणि तिची अधिक मजबूत आवृत्ती सीव्ही४००४. ही नावे मनमानी नाहीत. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर तापतंतूचा विद्युतदाब सांगते : ई म्हणजे ६.३ व्होल्ट. सी म्हणजे तीन घटकांचा संच, म्हणजे ट्रायोड. सी दोनदा आला की एका काचेत दोन ट्रायोड. ८ हा आकडा नऊ पिनांच्या छोट्या बैठकीचा निदर्शक, आणि ३ हा क्रमांक. अमेरिकी पद्धतीत आरंभीचा १२ पुन्हा विद्युतदाबच सांगतो आणि शेवटचा ७ घटकांची संख्या : दोन ट्रायोडांचे सहा आणि तापतंतूचा एक. मग एकाच वस्तूचा दाब एकीकडे ६.३ आणि दुसरीकडे १२ कसा? तापतंतू दोन समान भागांचा असतो. भाग एकापुढे एक जोडले तर १२.६ व्होल्ट लागतात, समांतर जोडले तर ६.३. दोन्ही नावे खरी आहेत. ज्यांना व्याकरणातल्या प्रत्याहारांचे कौतुक वाटते त्यांनी हा कोशही एकदा चाळावा. विशेष दर्जाच्या व्हॉल्व्हसाठी युरोपीयांनी केवळ आकडा मध्ये घेतला : ईसीसी८८ हा साधा, ई८८सीसी हा निवडक. वर्णविपर्ययाने अर्थ बदलण्याचा इतका स्वच्छ नमुना भाषेतही क्वचित मिळेल.

पण हे झाले जातीचे नाव. ते केवळ एवढेच सांगते, की हा नग अमुक आराखड्याला धरून आहे. खरा वाद असतो तो कर्त्याचा, आणि इथे काचेवर छापलेले नाव वाचकाला बिनदिक्कत चकवते.

याचे कारण त्या काळच्या धंद्यात आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराला एकाच कंपनीकडून सगळे प्रकार मिळावेत अशी अपेक्षा असे. कोणत्याही कंपनीला शेकडो प्रकार स्वतः बनवणे परवडत नसे. त्यामुळे प्रतिस्पर्धी एकमेकांकडून माल घेत आणि त्यावर आपले नाव छापत. वाद्ये आणि मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या तर कोणाचेही व्हॉल्व्ह घेऊन त्यांवर स्वतःचा शिक्का मारून घेत. त्याशिवाय हॉलंडच्या फिलिप्सचे साम्राज्य होते. इंग्लंडमधली मुलार्ड कंपनी स्टॅन्ली मुलार्ड यांनी १९२० मध्ये काढली, पण १९२७ पासून ती पूर्णपणे फिलिप्सच्या मालकीची होती. जर्मनीतली व्हाल्व्हो, फ्रान्समधली ला रेडिओटेक्निक, १९५५ पासून अमेरिकेतली अँपरेक्स, या सगळ्या एकाच कुळातल्या. हॉलंडमधल्या हेर्लेन गावी बनलेला ईसीसी८३ कधी फिलिप्स नावाने विकला जाई, कधी मुलार्ड नावाने. आणि अमेरिकेत जाताना त्यावर बिगुल वाजवणाऱ्या एका व्हॉल्व्ह-बालकाचे चित्र छापून तो अँपरेक्स होई. हा ‘बिगुलवाला पोरगा’ संग्राहकांच्या जगात फार मानाचा. त्याच्या आवाजातला खास अमेरिकी मोकळेपणा आणि मुलार्डच्या आवाजातली ब्रिटिश ऊब यांची तुलना करणारी पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. त्यांतल्या कित्येक तुलना एकाच कारखान्यातल्या, कदाचित एकाच आठवड्यातल्या दोन भावंडांच्या असतील, ही शक्यता तुलनाकारांच्या मनाला शिवलेली दिसत नाही.

युद्धोत्तर जर्मनीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. पूर्व जर्मनीत आरएफटी हे अनेक सरकारी कारखान्यांचे सामाईक चिन्ह होते. तिथे बनलेले ईएल३४ हे शक्तिशाली व्हॉल्व्ह पश्चिम जर्मनीतल्या सीमेन्सचे नाव लेवून पश्चिमेच्या बाजारात हिंडत. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन राजवटी परस्परांचे तोंड पाहत नव्हत्या, त्या काळातली ही गोष्ट. (साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी जाता जाता : थुरिंगियातल्या नॉयहाउस इथला व्हॉल्व्हचा कारखाना ‘द सेव्हन्थ क्रॉस’ या कादंबरीच्या लेखिका आना झेगर्स यांच्या नावाने ओळखला जाई. लेखिकेचे नाव व्हॉल्व्हच्या कारखान्याला देणारा दुसरा देश मला तरी ठाऊक नाही.)

तेव्हा छापील नाव बाजूला ठेवायचे. मग पाहायचे काय?

फिलिप्स कुळातल्या व्हॉल्व्हवर काचेच्या खालच्या भागात, फिकट करड्या रंगात, दोन ओळींचा एक बारीक संकेत कोरलेला असतो. तो ग्राहकासाठी नव्हता. कारखान्याने आपल्यापुरती ठेवलेली ती नोंद होती. वरची ओळ जात आणि तिची सुधारित आवृत्ती सांगते. ईसीसी८३ च्या बाबतीत ती आय६१, आय६३ अशी असते. खालच्या ओळीतले पहिले चिन्ह कारखान्याचे : बी म्हणजे लँकेशरमधले ब्लॅकबर्न, आर म्हणजे लंडनजवळचे मिचम, डी म्हणजे हॅम्बुर्ग, आणि छोटासा त्रिकोण म्हणजे हेर्लेन. त्यापुढे वर्षाचा एक आकडा, महिन्याचे एक अक्षर आणि आठवड्याचा एक आकडा. समजा ‘बी२के४’ असे वाचता आले, तर व्हॉल्व्ह ब्लॅकबर्नचा, नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यातला. वर्ष मात्र २, म्हणजे १९६२ की १९७२? कारखान्यातल्या माणसाला दशक लिहायची गरज नव्हती. दहा वर्षांनी कोणी हा नग हातात घेऊन भिंगाने पाहील असे त्याच्या ध्यानीमनी कुठून असणार?

इथून पुढे खरे पाठचिकित्सेचे काम सुरू होते. दशक ठरवायचे ते अंगावरच्या खुणांवरून. व्हॉल्व्हमधली उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी आत बेरियमचा लेप उडवलेला असतो. काचेच्या माथ्यावर आरशासारखी चकाकी दिसते ती त्याचीच. काचेला तडा जाऊन हवा शिरली की ती दुधासारखी पांढरी पडते. हा लेप ज्या धातूच्या तुकड्यातून उडवतात त्याला गेटर म्हणतात. त्याचा आकार काळानुसार बदलत गेला : आरंभी चौकोनी चौकट, मग चकती, पुढे पोकळ कडे. प्लेटही बदलली. मुलार्डच्या सुरुवातीच्या ईसीसी८३ मध्ये ती लांब असे, पुढे आखूड झाली. लांब प्लेट धक्क्याने थरथरते आणि तो कंप आवाजात उतरतो, हे आखूड करण्याचे एक कारण. टेलिफुंकेनच्या आधीच्या प्लेटांवर कण्या आहेत, नंतरच्या गुळगुळीत आहेत. शिवाय काचेच्या बुडाशी, पिनांच्या मधोमध, साच्यातच उमटलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे चिन्ह हे टेलिफुंकेनने स्वतः बनवलेल्या बहुतेक छोट्या व्हॉल्व्हवर आढळते. वर टेलिफुंकेन छापले आहे आणि बुडाशी शंकरपाळे नाही, तर माल बाहेरून घेतलेला असावा असा संशय जाणकार घेतात. अमेरिकेत उत्पादकांना तीन आकडी क्रमांक होते : २७४ म्हणजे आरसीए, ३१२ सिल्व्हेनिया, ३२२ टंग-सोल, १८८ जनरल इलेक्ट्रिक. त्यापुढे अनेकदा वर्ष आणि आठवडा असे चार आकडे असतात. तिथे दशकाचा घोळ नाही, पण कुळाची गुंतागुंतही नाही; म्हणून तो भाग मला तितका रंजक वाटत नाही.

या सर्व खुणांत क्रम आहे. शाई सर्वांत कच्ची. मुलार्डचे छापील नाव ओल्या बोटाने पुसले जाते. कोरलेला संकेत तिच्याहून पक्का. साच्यातली खूण त्याहून पक्की. आणि सर्वांत पक्की ती आतली रचना, कारण तिच्यात फेरफार करायचा तर काच फोडावी लागेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते आणि काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. तिथे पोथ्यांची नुसती मोजणी झाली नाही. लिपीनुसार आणि कुळानुसार त्यांची वर्गवारी झाली. एकाच मातृकेवरून उतरलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, एकच. दहा वेगवेगळ्या नावांनी विकले गेलेले हेर्लेनचे दहा व्हॉल्व्ह म्हणजेही एकच साक्षीदार.

शाई कच्ची असल्याने बनवेगिरीला मोकळे रान मिळते. स्वस्तातला व्हॉल्व्ह घ्यायचा, त्यावरचे नाव पुसायचे, मुलार्ड किंवा टेलिफुंकेन छापायचे, जुन्या वळणाचे पुठ्ठ्याचे खोके नव्याने छापून घ्यायचे, आणि दहापट किमतीला विकायचा. अशा मालाला जो फसतो तो बहुधा नावाचा भक्त असतो. प्लेट, गेटर आणि कोरीव संकेत वाचू शकणारा सहसा फसत नाही.

ओळखीचे शास्त्र इतके पक्के असताना तुलनेचे शास्त्र मात्र ठिसूळ राहिले, हे मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. व्हॉल्व्हची मोजता येण्याजोगी अंगे आहेत : कॅथोडमधून अजून किती इलेक्ट्रॉन सुटतात, जाळीच्या बदलाला प्लेट किती प्रतिसाद देते, एका काचेतले दोन ट्रायोड सारखे आहेत का, बोटाने टिचकी मारली तर स्पीकरमध्ये नाद उमटतो का. ब्रिटनमधली अ‍ॅव्हो आणि अमेरिकेतली हिकॉक ही तपासयंत्रे त्यासाठीच होती. तुलना लिहिणारे बहुतेक लोक या मोजमापांना दुय्यम मानतात आणि ‘ऊबदार’, ‘मधाळ’, ‘रेशमी’, ‘कोरडा’ अशा विशेषणांत बोलतात. विशेषणांना माझा आक्षेप नाही, आपलाही संसार त्यांच्यावरच चालतो. आक्षेप असा, की ही विशेषणे नाव वाचून झाल्यावर येतात. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता अभिप्रायासाठी दिल्या, आणि त्या अभिप्रायांचे विश्लेषण १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये मांडले. नामवंतांच्या कविता नाकारल्या गेल्या, सामान्य कविता वाखाणल्या गेल्या. व्हॉल्व्हची अशी परीक्षा घेणे कवितेपेक्षा कितीतरी सोपे : दोन नग, एक पडदा, एक अदलाबदल करणारा मदतनीस. तरीही छापून आलेल्या तुलनांत पडदा अपवादानेच दिसतो.

यात आणखी एक उपरोध दडलेला आहे. ज्या काळातले व्हॉल्व्ह आपण आज एकेक करून चाखत बसतो, त्या काळचे अभियंते व्हॉल्व्ह-व्हॉल्व्हमधला फरक नाहीसा करण्यासाठी झटत होते. बेल प्रयोगशाळेच्या हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये ऋण प्रतिपोषणाची युक्ती शोधली. अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा. म्हणजे विकृती घटते आणि आतला व्हॉल्व्ह थोडा सरस की थोडा निरस याला फारसे महत्त्व उरत नाही. १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात या तत्त्वावर जो अ‍ॅम्प्लिफायर मांडला तो जगभरच्या हौशी लोकांनी घरी बांधला. त्यातला केटी६६ जळला तर दुसरा केटी६६ बसवावा आणि ऐकणाऱ्याला फरक कळू नये, ही चांगल्या रचनेची खूण होती. म्हणून अशा यंत्रात नाव बदलताच आवाजात देशांतर झाल्याचे कोणी सांगू लागला, की मी सावध होतो. फरक असतात, काही मंडलांत, विशेषतः प्रतिपोषण नसलेल्या वा मुद्दाम विकृती घडवणाऱ्या मंडलांत, स्पष्ट ऐकू येतात. पण ते बहुधा त्या विशिष्ट नगाचे असतात, त्याच्या झिजेचे, त्याच्या मोजमापांचे. ते कंपनीच्या नावावर जमा करणे म्हणजे एका पोथीतल्या एका लेखनिकाच्या लकबीला संपूर्ण संप्रदायाची शैली म्हणणे.

आज प्रश्न आणखी गुंतला आहे. मुलार्ड, टंग-सोल आणि गोल्ड लायन ही जुनी नावे न्यूयॉर्कच्या न्यू सेन्सर कंपनीकडे आहेत, आणि त्या नावांचे नवे व्हॉल्व्ह रशियातल्या सारातोव्ह इथे बनले आहेत. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा ‘मुलार्ड’ मिळेनासा होणार म्हणून इंग्लंडपासून अमेरिकेपर्यंतच्या गिटारवादकांची काही आठवडे धांदल उडाली. लँकेशरचे नाव मॉस्कोच्या हुकमावर अवलंबून आहे हे कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळले. याला बनवेगिरी म्हणता येणार नाही. नाव रीतसर घेतलेले आहे, खोक्यावर रशियाचे नाव आहे, व्हॉल्व्ह चांगलेही असतात. तरी ब्लॅकबर्नचा आणि सारातोव्हचा असे दोन ईसीसी८३ शेजारी ठेवले, तर नाव एक आणि रचना, यंत्रे, कामगार, देश, काळ सगळे भिन्न. बंद पडलेल्या प्रकाशनसंस्थेचे नाव विकत घेऊन नव्या संहिता त्या नावाने छापाव्यात, तसे हे आहे. उलट वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ३००बीचे. चित्रपटगृहांच्या अ‍ॅम्प्लिफायरांत नावाजलेला, १९३८ पासूनचा हा व्हॉल्व्ह १९८८ मध्ये बंद झाला आणि पुढे त्याच नावाने, त्याच आराखड्याला धरून अमेरिकेतच पुन्हा बनू लागला. त्याला पुनर्मुद्रण म्हणायला माझी हरकत नाही.

या कथेत आपलाही एक धागा आहे, आणि तो नावाच्या प्रश्नापाशीच येऊन मिळतो. १९५४ मध्ये बंगळुरात स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकात फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. म्हणजे कुळ तेच : ब्लॅकबर्न, हेर्लेन, हॅम्बुर्ग आणि बंगळूर. आपल्याकडच्या असंख्य रेडिओंत हेच व्हॉल्व्ह पेटत होते. बिनाका गीतमालेच्या आधी दोन मिनिटे ‘रेडिओ तापू दे’ म्हणणाऱ्या पिढीने त्यांचा नारिंगी उजेड पाहिलेला आहे, पण त्यावरचे नाव बहुधा वाचलेले नाही. परदेशी संग्राहकांनी ‘बीईएल’ ही अक्षरे पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी नाव अनोळखी म्हणून ते स्वस्त कप्प्यात टाकले. ज्यांनी प्लेट आणि गेटर पाहिले, त्यांनी मात्र कुळ ओळखले. भारतीय रेडिओंत कोणत्या काळात कोणत्या रचनेचे व्हॉल्व्ह बसत गेले, याची नोंद जुन्या संचांवरून अजूनही करता येईल. पण ते संच भंगारात जाताना लाकडी पेटी आणि तांब्याची तार तेवढी काढून घेतली जाते, काच फोडली जाते. मुंबईच्या चोर बाजारात एखादा अखंड नग अजून मिळतो. तो घेताना बीईएल ही अक्षरे बोटाने पुसू नयेत आणि भिंग जवळ ठेवावे.